ओवाळणीचा इन्व्हर्टर

सरकारची माया मोठी अजब. गाय देईल, पण दावं देणार नाही. वाळूजच्या कंपन्यांना चिकटून जी वस्ती उभी राहिली होती, तिथल्या महिला मंडळाला कुठल्याशा योजनेतून सोलरच्या चार प्लेटा मिळाल्या, दोन दांडग्या बॅटऱ्या मिळाल्या, प्लेटा ठोकायला लोखंडी सांगाडा मिळाला आणि फोटो काढायला एक साहेब मिळाला. इन्व्हर्टर तेवढा मिळाला नाही. तो योजनेत बसत नव्हता म्हणे. बॅटरीतल्या विजेवर घरातला बल्ब पेटवायचा तर मध्ये इन्व्हर्टर लागतो. तो नसेल तर छपरावरच्या प्लेटांचा उपयोग कावळ्यांना. "तेवढा तुमचा तुम्ही निवडा," असं सांगून साहेब जीपमध्ये बसला आणि गेला तो गेलाच.

मंडळ म्हणजे नावाला अकरा बाया आणि कामाला दोन. एक बानाबाई, दुसरी पारूबाई. प्लेटा बसल्या त्या बानाबाईच्या पत्र्यावर, कारण पारूबाईनंच तसं म्हटलं होतं. "माझ्या घरावर नको. माझ्या घराला लोकांची नजर लई."

दोघींना इन्व्हर्टर हवा होता तो अंड्यांसाठी. लाकडी पेटीत बल्ब लावून अंडी उबवायची आणि पिल्लं पाचोडच्या बाजारात विकायची, असा त्यांचा बेत होता. ज्या माळावर बानाबाईच्या सासऱ्यानं जन्मभर मेंढरं चारली, तिथं आता कंपन्यांची धुराडी होती. कंपन्यांना वीज दिवसरात्र, आणि वस्तीला कंपन्यांचं पोट भरून उरली तर. अंड्याला एकवीस दिवस सारखी ऊब लागते. लाईट गेली की बल्ब विझायचा, बल्ब विझला की आतला जीव विझायचा. म्हणून सगळा खेळ त्या एका इन्व्हर्टरवर येऊन थांबला होता.

पण बानाबाईला विचारलं असतं तर तिनं अंड्यांच्या आधी पारूचं नाव घेतलं असतं. दोघी एकाच गावच्या लेकी. पाचोडकडच्या त्या खेड्यात बाना धनगरवाड्यात वाढली आणि पारू बौद्धवाड्यात. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा पारूच्या बापाचं घरही पेटलं. माणसं वाचली, बाकी काही वाचलं नाही. "बाहेरगावची माणसं आली होती," असं गाव तेव्हापासून सांगत आलं आणि बानाही तेच सांगत आली. पारूचं बिऱ्हाड रातोरात शहराकडं गेलं. पुढं चौदा वर्षांनी या वस्तीतल्या नळावर दोघींच्या घागरी एकमेकींना लागल्या. बानानं तिला ओळखलं आणि तिचा हात धरला. पारूनं हात सोडवला नाही, पण घट्ट धरलाही नाही. तो हात घट्ट व्हायला वर्ष गेलं. कधी मिठाची वाटी गेली, कधी दुखण्यात पेज आली, आणि शेवटी पारूनं आपल्या घरच्या कोंबड्यांची अंडी पेटीत घालायची कबूल केली. बानाबाईला या गोष्टीचा फार अभिमान होता. आपल्या गावानं जे राखलं नाही ते आपण परत मिळवलं, असं तिला मनातून वाटायचं.

तर इन्व्हर्टर. दोघी एक दिवस बस धरून शहरात गुलमंडीला गेल्या आणि तिथल्या एका बिजलीच्या दुकानात शिरल्या. दुकानदार खान साहेब मोठे शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, "बल्ब कितने जलाने है?" मग फळीवरून एक जड इन्व्हर्टर उतरवला, त्याला तेवढेच बल्ब जोडले आणि म्हणाले, "अब बैठो. दो घंटे बैठो. चहा मागवतो. दोन तास जळला तर रातभर जळेल. लहानात लहान मशीन बी पाच मिनिटं चालून दाखवतं, आपा. कसोटी पाच मिनिटांची नसते."

पारू बसली. पदर खोचून, बल्बांकडं बघत, चहा पीत सगळा वेळ बसून राहिली. बाना मात्र चुळबुळत होती. समोरच्या दुकानात खणाचे तागे मांडले होते, ते बघून आली, परत आली, तरी पारू आपली जागच्या जागी. इन्व्हर्टर तापला नाही, घुरघुरला नाही.

"हाच घेऊ," पारू म्हणाली. "समोर चालतंय ते घ्यावं."

"आगं, काखेत कळसा आन गावाला वळसा," बाना म्हणाली. "माझा दादा हीच मशीनं तपासतो कंपनीत. त्याच्या हाताखालून रोज किती जातात. घरचा माणूस असताना बाहेरच्याच्या दारात कशाला?"

पारूनं चहाचा कप खाली ठेवला. "तुझा दादा मला बघून बोलत नाय," ती म्हणाली.

"त्याचा सभावच तसा. मी हाय ना. माझ्या भावाचं मी बघते."

खान साहेबांनी बल्ब सोडवले आणि मशीन फळीवर ठेवलं. बसमध्ये पारू खिडकीकडं तोंड करून बसली होती. बानाबाईला वाटलं, हिला ऊन लागतंय.

बानाचा थोरला भाऊ भिकन. लहानपणी मेंढरांमागं फिरलेला, आता वाळूजच्या एका कंपनीत पर्मनंट झालेला, खिशाला पेन लावून हिंडणारा. इन्व्हर्टर तयार झाला की तो भाराखाली ठेवून बघायचा, हे त्याचं काम. नापास झालेल्या मशीनवर तो लाल रंगानं फुली मारायचा. त्या फुलीची त्याला भारी मिजास. "फुली कुणी बी मारील," तो सांगायचा, "पर माझ्या फुलीला खाली शेपूट असतं. साहेब लांबून वळखतो, हा माल भिकननं फेकलेला. ज्याच्यावर माझी फुली पडली त्याला बाजार नाय." बाना हसायची. ही शेपटाची फुली कंपनीतली नव्हतीच मुळी. पोरपणी तो आपल्या वाटणीच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूनं हीच फुली ओढायचा. बाप म्हणायचा, याला सरळ रेघ जमतच नाही.

बहिणीनं इन्व्हर्टरची गोष्ट काढली तेव्हा भिकननं आधी विचारलं, "पेटीत अंडी कुणाची?"

"माझी आन पारूची."

"हां," भिकन म्हणाला. मग म्हणाला, "भाऊबीजेला आणतो. ओवाळणीच समज."

बानाबाईला इतका आनंद झाला की तिनं त्याच पावली जाऊन पारूला सांगितलं.

भाऊबीजेला भिकन इन्व्हर्टर घेऊन आला तो नव्या टॉवेलात गुंडाळून. तबकात मावेना म्हणून पाटाशेजारी ठेवला. बानानं ओवाळायच्या आधी त्यानंच तेलात कालवलेलं कुंकू मागितलं आणि मशीनच्या तोंडावर बोटानं जाडजूड स्वस्तिक काढलं, वरून भंडारा उधळला. "दादा, हे बायकांचं काम," बाना म्हणाली. भिकन म्हणाला, "लक्ष्मी हाय ही. कुंकू पुसू नको."

पुसतंय कोण? ओवाळणी उलटीपालटी करून बघायची नसते, तिची किंमत विचारायची नसते आणि पूजलेल्या यंत्रावरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसायचं नसतं, हे बानाच्या आईनं तिला शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईनं. पारू दारात उभी होती. तिनं एकदाच म्हटलं, "दोन तास लावून बघायचा का?" बानाला ते लागलं. सख्ख्या भावानं पाटावर बसून दिलेल्या वस्तूची परीक्षा घ्यायची? "आगं, ओवाळणी हाय ती," ती म्हणाली. भिकन पारूच्या बाजूला न बघता चहा न घेताच उठला.

पेटी तयार व्हायला, अंडी जमायला महिना गेला. नवरा कारभारी मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला उतरला होता, तेव्हा घरात बाना एकटीच. नाताळच्या सुमारास दोघींनी अंडी मांडली. लाईट रोज जायची, तासाभरानं यायची, आणि तेवढा वेळ इन्व्हर्टर झकास चालायचा. प्रत्येक वेळी बाना पारूकडं बघायची. "बघ, म्हणलं नव्हतं?" पारू हसायची. खरंच हसायची. रोज सकाळी येऊन ती पेटीला कान लावायची. शेवटी शेवटी आतून टकटक ऐकू यायला लागली. पिल्लं कवचाला चोची मारत होती. त्या दिवशी दोघी बायका पेटीला डोकी टेकवून बसल्या आणि पोरीबाळींसारख्या खिदळल्या. उद्या संक्रांत होती.

बाहेर मात्र वातावरण कढत होतं. विद्यापीठाला नाव देणार, नावाचा विस्तार करणार, आज जाहीर होणार, उद्या होणार. शहरात पोलिसांच्या गाड्या, बसा बंद, पारूच्या आळीत एकीकडं आनंद दाटलेला आणि एकीकडं दारांना आतून कड्या. कंपनीच्या बसमध्ये दोन जातींची माणसं एका बाकावर बसेनाशी झाली होती. अशात भोगीच्या दुपारी लाईट गेली. सबस्टेशनात काय बिघडलं देव जाणे. त्या दिवसांत दूध नासलं तरी लोक नामांतराचंच कारण सांगत. तास गेला, दोन तास गेले, लाईट आली नाही. बाना निर्धास्त होती. प्लेटांवर दिवसभर ऊन पडलेलं, बॅटऱ्या भरलेल्या, मशीन भावाचं.

दिवेलागणीला इन्व्हर्टर घुरघुरला, त्यातून जळका वास आला आणि पेटीतले बल्ब विझले.

बानानं बटणं दाबली, वायरी हलवल्या, देवाचं नाव घेतलं. मशीनला हात लावला तर चटका बसला. तिनं घोंगड्या आणल्या, वाकळा आणल्या, पाणी तापवून डबे भरले आणि पेटीभोवती रचले. पाणी निवायचं, ती परत तापवायची. जानेवारीची थंडी पत्र्यातून खाली उतरत होती. टकटक आधी हळू झाली, मग राहून राहून यायला लागली, मग आलीच नाही. सकाळी लाईट आली तेव्हा पेटी लख्ख उजळली आणि आत सगळं गार होतं. एका अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून चोच बाहेर आली होती, तेवढीच. बानाबाई भिंतीला टेकून रडली. तिला पिल्लांचं वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती पारूला तोंड दाखवायची.

पारू आली. तिनं पेटीत बघितलं, झाकण लावलं आणि बानाच्या पाठीवर हात ठेवला. "मशीनचं काय झालं ते बघू," ती म्हणाली.

दोघींनी इन्व्हर्टर अंगणात आणला. तापून तापून तेलातलं कुंकू वितळलं होतं आणि खाली ओघळलं होतं. पारूनं ओल्या फडक्यानं ते पुसलं. कुंकू गेलं तरी लाल काही जाईना. पारू घासत राहिली. स्वस्तिकाखालून लाल रंगाची फुली निघाली. एक रेघ लांब, एक आखूड, आणि खालच्या टोकाला वळलेलं शेपूट.

भावानं नापास केलेला माल भावानंच ओवाळणीत घातला होता. दोन तासांवर हे मशीन तग धरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं; ते बघायचाच तर त्याला पगार मिळत होता. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर कुंकू लावून खाल्लं.

"पारू, ही दादाची फुली," ती म्हणाली. तिला लपवावंसं वाटलं नाही, सुचलंही नाही. "नापास मालावर मारतो तो. शेपूट त्याचंच. लहानपणी मेंढरांवर बी अशीच मारायचा."

पारूच्या हातातलं फडकं थांबलं. ती फुलीकडं बघत राहिली, इतका वेळ की बानाला वाटलं ही आता फडकं तोंडावर मारील.

"मेंढरांवर," पारू म्हणाली.

"व्हय. गेरूनं."

"आमच्या दारावर बी होती." पारूचा आवाज अगदी साधा होता, नळावर बोलतात तसा. "त्या साली. दिवस मावळायच्या आधी मी सरपण घेऊन आले तवा बघितली. गेरूचीच होती, ओली. बोट लावलं तर बोटाला आली. पोरांनी खेळताना मारली आसंल म्हणून मी आईला सांगितलं नाय. रातच्याला ज्या ज्या दारावर ती होती तीच घरं पेटली. दारं जळाली, मग फुली कुणाला दिसणार? मीच एकली बघणारी. हेच शेपूट."

बाहेरगावची माणसं आली होती. हे वाक्य तिनं याच पारूला, याच अंगणात, चहाचा कप हातात देऊन सांगितलं होतं.

पारूनं फडकं पिळून दांडीवर वाळत घातलं, मेलेली अंडी आपल्या पाटीत भरली आणि ती निघून गेली.

बाना तशीच, विस्कटल्या केसांनी, भिकनच्या खोलीवर गेली. संक्रांतीची सुट्टी होती. भिकनची बायको सखूबाई हातावर तिळगूळ ठेवायला पुढं आली. बानानं हात पुढं केला नाही.

"मशीन नापास होतं," ती भावाला म्हणाली.

भिकननं आधी बायकोला चहा टाकायला आत पाठवलं. मग म्हणाला, "बाना, डोकं शांत ठेव. एक घाणा गेला, एवढंच. मशीनं बिघडतातच. तिला बी तसंच सांग. तिचा विश्वास उडंल, ती तिच्या वाटंनं जाईल, तू तुझ्या वाटंनं. मी तुला पास झालेला, कोरा इन्व्हर्टर आणून देतो. एकटीनं कर धंदा, माझी काय हरकत नाय."

"आन मला सांगायचं का नाय?"

"सांगून तू ऐकली आसती? बसमधी रोज ऐकावं लागतं मला. भिकन, तुझी बहीण आता त्यांच्या पंगतीला का? या दिवसांत आसं चालत नाय. कुणाच्या आंगाला हात लावला नाय मी, कुणाला वाकडा शब्द बोललो नाय. गुपचूप मिटलं आसतं."

त्याला हे खरंच शहाणपणाचं वाटत होतं, हे बानाला दिसलं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. केसानं गळा कापणाऱ्याला वाटतं, सुरी तर वापरली नाही.

"दादा," ती म्हणाली, "पारूच्या बापाच्या दारावरची फुली कुणी मारली?"

आत स्टोव्हचा आवाज येत होता. भिकननं खिशातलं पेन काढलं, परत लावलं.

"लई जुनी गोष्ट हाय," तो म्हणाला. "मिसरूड बी फुटलं नव्हतं मला. थोरली माणसं म्हणली, दारं दाखव. मी काडी लावली नाय, बाना. आईची आण. नुसती खूण केली."

"मशीन बी तू जाळलं नाय. नुसतं दिलं," बाना म्हणाली आणि उंबरा उतरली.

ती सरळ पारूच्या आळीत गेली. नावाची बातमी तोवर आली होती. आळीत निळे झेंडे लागले होते, कोणी पेढे वाटत होतं, म्हाताऱ्या बाया डोळे पुसत होत्या. पारूच्या दारात उभी राहून बानानं सगळं सांगितलं. बसमधलं सांगितलं, दार दाखवल्याचं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मग म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं, पारू."

"तुला ठाऊक नव्हतं, हे मला ठाऊक हाय," पारू म्हणाली. तिनं बानाच्या हातावर पेढा ठेवला, कारण त्या दिवशी दारात आलेल्या कुणालाही ती रिकाम्या हातानं पाठवत नव्हती. "पर गुलमंडीला मी दोन तास बसले होते. समोर चालत होतं. तू बाहेरचं नको म्हणली. तू इन्व्हर्टर नाय निवडला, बाना. भाऊ निवडला."

एवढं बोलून ती आत गेली. दार तिनं लावलं नाही, पण आत ये असंही म्हणाली नाही.

बानाबाई घरी आली. राग भावाचा होता, गावाचा होता, आणि स्वतःच्या आंधळेपणाचाही होता. तिनं इन्व्हर्टर उचलला, राखेनं घासून कुंकवाचा शेवटचा डाग काढला आणि तो रस्त्याकडच्या ओट्यावर, फुली पुढं करून ठेवला. नळावर जाणाऱ्या बाया थांबायच्या. कंपनीला जाणारे गडी सायकलवरून उतरायचे. "हे काय गं?" असं कुणी विचारलं की ती हातातलं काम ठेवून सांगायची, "भावाची ओवाळणी हाय. नापास मालावरची ही त्याची खूण. आठ्ठ्याहत्तर साली आमच्या गावात दारांवर बी हीच होती. बाहेरगावचं कुणी आलं नव्हतं." पुढच्या माणसाला परत तेच, त्याच शब्दांत. गावाकडची माणसं वस्तीत पुष्कळ होती. काहींनी ऐकून मान खाली घातली, काहींनी वाट बदलली. एका म्हाताऱ्यानं सांगून बघितलं, "पोरी, आपलेच दात आन आपलेच ओठ." बाना म्हणाली, "चावले कुणी ते तर कळू द्या, आबा."

पारूही नळावर जायची. पहिले काही दिवस तिनं ओट्याकडं बघितलं नाही. मग एकदा घागर घेऊन थांबली, एका गड्याला बाना सांगत होती ते सगळं उभ्यानं ऐकलं आणि पुढं गेली.

आठवड्यानं, लोक कामावरून परतत असताना, भिकन आला. आता बसमध्ये त्याला दुसरंच काही ऐकावं लागत असावं. त्याच्या हातात तोच टॉवेल होता.

"आत घे ते," तो दबक्या आवाजात म्हणाला. "नायतर दे मला, मी नेतो. नवं आणून देतो म्हणलं ना."

तो मशीन उचलायला वाकला. बानाबाईनं त्याला ढकललं नाही. ती येऊन ओट्यावर, इन्व्हर्टरला टेकून बसली, जशी ती भाऊबीजेच्या दिवशी पाटासमोर बसली होती.

"ठेव खाली, दादा," ती म्हणाली. "ओवाळणी परत नेत नसतात."